भट्टीची ओळ

कारखान्यात पन्नास माणसं आणि बावीस मशिनं होती, आणि त्या सगळ्यांनी उद्या सकाळी काय करायचं हे एक बाई ठरवायची. तिला सगळे ताई म्हणत, मालकसुद्धा. मालकाहून ती पाच वर्षांनी मोठी होती आणि कारखान्यात तर त्याच्याही आधीची, त्याचे वडील खुर्चीवर होते तेव्हापासूनची. लोखंडी जिना चढून वर गेलं की तिची काचेची खोली लागायची. खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतभर लाकडी फळा. फळ्यावर प्रत्येक मशीनची एक आडवी पट्टी आणि पट्टीत खोचलेली कामांची कार्डं. एक कार्ड इकडचं तिकडे झालं की खाली कुणाची तरी सुट्टी बुडायची आणि मग जिन्यावर पावलं वाजायची. पावलांवरून कोण भांडायला येतंय ते तिला बसल्या जागी कळायचं.

कारखाना व्हॉल्व्हचे सुटे भाग करायचा. व्हॉल्व्ह म्हणजे तरी काय, माणूस आत शिरेल एवढ्या नळाची तोटी. ज्या कंपन्यांनी त्या तोट्या घडवल्या त्या केव्हाच बंद पडल्या होत्या, तोट्या मात्र चालूच होत्या. गिऱ्हाईक एक झिजलेला तुकडा आणून टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, असाच नवा करून द्या. असाच म्हणजे कसा, झिजलेला? नाही हो, झिजण्याआधी होता तसा. झिजण्याआधी कसा होता हे सांगणारा माणूस जगात उरलेला नसायचा. मग मोजमापं घ्या, ड्रॉइंग काढा, माल मागवा, आणि कुठलं काम कुठल्या मशीनवर कितव्या नंबराला करायचं ते कार्डावर ओळीने लिहून काढा. हे लिहिणं तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

दहा वर्षांपूर्वी तिने एक नियम आणला होता. कार्डात असेल तेवढंच करायचं, कार्डात नसेल ते करायचं नाही. त्याआधी जो तो आपल्या मनाचा राजा होता. कोणी आधी भोक पाडायचा, कोणी आधी घासायचा, आणि शेवटी दोघांचं जमलं नाही की तुकडा भंगारात. नियमाला सगळ्यांत जास्त विरोध केला तो मोठ्या लेथवरच्या टर्नरने. त्याला सगळे काका म्हणत आणि पाठीमागे केसभर म्हणत, कारण काम किती चुकलंय असं विचारलं की त्याचं एकच उत्तर असायचं, केसभरही नाही. काका सहा महिने तिच्याशी धड बोलला नव्हता. मी तुमच्या जन्माच्या आधीपासून लेथवर आहे, मला कागद काय शिकवणार, असं त्याने दहा जणांत ऐकवलं होतं. जन्माच्या आधीपासून हे काही खरं नव्हतं, पण रागात माणूस चार वर्षं इकडेतिकडे करतोच. पुढे मात्र नवल झालं. तोच काका त्या नियमाचा सगळ्यांत कडवा भक्त झाला. बाकीचे न वाचता सही ठोकायचे, काका चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट फिरवायचा आणि मगच मशीन चालू करायचा.

पाणीपुरवठ्याच्या त्या कामात सहा स्पिंडल हवे होते. स्पिंडल म्हणजे व्हॉल्व्हच्या मधला लांब दांडा, तो फिरला की आतलं दार वर-खाली होतं. माणसाच्या उंचीहून हातभर लांब, आणि सरळ तर असे हवेत की बघत राहावं. शहराचं पाणी दोन दिवस बंद ठेवून ते बसवायचे होते. ती तारीख ठरलेली, जाहीर झालेली, हलणार नव्हती. मालकाने ती तारीख मान्य करून टाकली आणि मग वर येऊन हसत हसत ताईला सांगितली. हे त्याचं नेहमीचंच.

तिने शेवटच्या तारखेपासून मागे मोजत आणलं. पॅकिंग, तपासणी, आटे, खाच, शेवटची टर्निंग. चौथी ओळ भट्टीची होती. पोलादाची सळई पोलादाच्या कारखान्यातच ओढून, दाबून सरळ केलेली असते. तो राग ती आत धरून बसते. तिचा वरचा थर सोलला, एका अंगाने खाच पाडली की राग बाहेर येतो आणि सळई आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाकते. म्हणून अर्धं काम झालं की तिला भट्टीत नेऊन तापवायची आणि सावकाश निवू द्यायची. भट्टी दुसऱ्याची, गावाबाहेर. गाडी गुरुवारी जायची, भट्टीवाला भट्टी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, माल पुढच्या बुधवारी परत. म्हणजे सहा दिवस गेले. आणि तिचा हिशोब बरोबर पाच दिवसांनी चुकत होता.

तिने तासभर कार्डं इकडची तिकडे केली. नाकी नऊ आले तरी पाच दिवस काही निघेनात. मग तिने चौथी ओळ काढून टाकली. खालच्या ओळींचे आकडे कॉम्प्युटरने आपोआप एकेकाने वर घेतले. मधे काही होतं याची खूणसुद्धा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेका पायरीवर थांबत. काका होता.

“ताई, यात भट्टी नाही.”

“या वेळचा माल भट्टीतूनच आलाय, काका.”

“दाखल्यावर आहे तसं?”

“आहे ना.”

मालाबरोबर आलेला दाखला तिने पाहिला नव्हता. गेल्या वर्षी दोनदा तसा तापवून निववलेला माल आला होता, तेव्हा याही वेळी आला असेल, असं ती धरून चालली होती. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही, आपण वेळ मारून नेतोय एवढंच वाटलं, आणि त्या दोन्हींत फार मोठा फरक आहे अशी तिने स्वतःची समजूत घातली. काकाने मान डोलावली. कार्डात नाही म्हणजे नाही, असं जरा अभिमानानेच म्हणत तो खाली गेला. दहा वर्षांपूर्वीचा काका असता तर त्याने तिला न विचारता सळया भट्टीच्या गाडीत चढवल्या असत्या आणि वर तिच्याशी भांडला असता. तिने त्याला सुधारला होता.

सहाही स्पिंडल तपासणीत पास झाले. टेबलावर ठेवून फिरवले तेव्हा डायलचा काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. तारखेच्या आदल्या दिवशी पेट्या रवाना झाल्या. मालक वर येऊन म्हणाला, ताई, तुम्ही होतात म्हणून. ताईचा जीव भांड्यात पडला. दाखला बघायचं तिच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

पुढे दोन आठवड्यांनी एका सकाळी फोन आला. सहांतले चार स्पिंडल वाकले होते. एक दार अर्ध्यावर अडकून बसलं होतं, ना वर जाई ना खाली, आणि अर्ध्या शहराला पाणी टँकरने चाललं होतं. फोन ठेवला तशी ताई उठली, कपाट उघडलं, दाखल्यांची फाइल काढली आणि उभ्या उभ्याच तो कागद वाचला. भट्टीचं नाव त्यात कुठे नव्हतं. तिने तो दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग फाइल होती तशी ठेवून दिली आणि कपाटाला किल्ली लावली. त्या कपाटाला एरवी कधी कोणी किल्ली लावत नसे.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा इंजिनिअर आला. मालकाच्या खोलीत मीटिंग झाली. मालक, इंजिनिअर, काका, आणि काकाच्या शेजारी वही घेऊन ताई, कारण कोण काय बोललं ते लिहून घेणं हेही तिचंच काम. इंजिनिअर वाईट नव्हता. शांत माणूस, सगळं नीट विचारत होता. मधे भट्टी झाली होती का, असं त्याने विचारलं तेव्हा मालकाने ताईकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली. नुसती मान, तोंडातून शब्द नाही. तेवढ्यावर मालक म्हणाला, माल भट्टी होऊनच येतो आमच्याकडे. इंजिनिअरने वहीत खूण केली आणि पुढे गेला.

मग राहिलं काय, तर लेथ. खोल काप घेतला होता का, टेलस्टॉकने दांड्याचं मोकळं टोक जास्त दाबून धरलं होतं का, घाई झाली होती का. काका प्रत्येक प्रश्नावर विचार करत होता. त्याला खरंच कारण शोधायचं होतं. भट्टी झालेली आहे असं ताईने सांगितल्यावर भट्टीचा संशय त्याच्या मनाला शिवणंही शक्य नव्हतं. त्याने बाकी सगळं एकेक करून बाजूला सारलं, आणि शेवटी उरलं ते एकच.

“टेलस्टॉकचा दाब माझ्याकडून जास्त झाला असेल,” तो म्हणाला. “शेवटच्या टोकाला हाताच्या अंदाजाने धरतो मी. हात आता पूर्वीसारखा राहिला नसेल.”

ताईने ते लिहून घेतलं. कारणाच्या रकान्यात तिच्या सुवाच्य अक्षरात ‘कामगाराची चूक’ असं लिहिलं गेलं, खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या, तिचीही झाली. काकाने सही करण्याआधी चष्मा लावून सगळं वाचलं.

आता इथे कोणीही म्हणेल, तिने त्याच वेळी का नाही सांगितलं. तिनेही स्वतःला हे शंभरदा विचारलं. भीती होती हे तर झालंच. पण भीतीहून वाईट काहीतरी होतं. वीस वर्षांत तिच्या कार्डात चूक निघाली नव्हती. लोक म्हणत, ताईचं कार्ड म्हणजे डोळे मिटून चाला. ते ऐकायची तिला सवय लागली होती, आणि ती सवय तिने काकाच्या बदल्यात राखली. असं स्पष्ट शब्दांत मनाशी म्हणायला तिला पुढे कितीतरी दिवस लागले.

नवे सहा स्पिंडल करून द्यायचे ठरले. या वेळी तिने कार्डात भट्टीची ओळ गुपचूप परत घातली. मालकाने विचारलंच तर गिऱ्हाइकाची अट आहे असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं, पण कोणी विचारलं नाही. काम अर्थातच काकाला दिलं नाही. मालक म्हणाला, काकांना जरा दम खाऊ दे, धाकट्याला द्या. धाकटा म्हणजे दुसरा टर्नर, चाळिशीचा, पण कारखान्यात त्याला अजून धाकटाच म्हणत. धाकट्याने स्पिंडल केले, ते भट्टीत जाऊन आले, आणि सरळ राहिले. दोन आठवडे झाले, तीन झाले, केसभरही हलले नाहीत. गिऱ्हाइकाचं कौतुकाचं पत्र आलं. मालकाने ते फळ्याशेजारी चिकटवलं.

आणि मग सगळ्यांनाच पटलं. तोच माल, तेच ड्रॉइंग, तोच लेथ, फक्त हात बदलला. कोणी वाईट बोललं नाही. उलट सगळे काकाशी जास्तच गोड वागायला लागले, आजारी माणसाशी वागावं तसे. ताईला हे वरून काचेतून दिसायचं. चूक झाकायला घातलेली ती ओळच काकाविरुद्ध पुरावा होऊन बसली होती, आणि हे कळत होतं फक्त तिला एकटीला.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. एका संध्याकाळी जेवता जेवता तो सहज म्हणाला, “अगं, तुमचे ते टर्नर काका आले होते आज दुकानात.”

काकाला डोळे तपासून हवे होते, नवरा सांगत होता. तपासले, तर नंबर दोन वर्षांपूर्वीचाच, वयाच्या मानाने उत्तम. ही आनंदाचीच बातमी, पण ऐकून काकाचा चेहराच उतरला. म्हणजे डोळे नाहीत, असं म्हणून तो बराच वेळ खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, हाताची अशी तपासणी कुठे होते का हो?

“मी म्हटलं, हाताला काय झालंय? तर म्हणाले, तेच तर कळत नाही,” नवरा म्हणाला. “तुमच्याकडे काही झालंय का?”

काही नाही, असं म्हणून ताई ताट घेऊन उठली. नळाखाली ताट धरलं आणि पाणी वाहत राहिलं तरी तिच्या लक्षात आलं नाही. नवऱ्याने मागून येऊन नळ बंद केला. त्याने पुन्हा विचारलं असतं तर तिने सांगून टाकलं असतं. त्याने विचारलं नाही, आणि तिला त्याचाच राग आला. आपल्याच पापाचा राग माणूस असा कुणावरही काढतो.

दुसऱ्या दिवशी ती मालकाकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. निदान मोकळी होऊ असं तिला वाटलं होतं. मालक ऐकत राहिला. तो उसळेल, ओरडेल, काढून टाकेल, याची तिने तयारी केली होती. त्याने उठून दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, ताई, झालं ते झालं. रिपोर्ट गेला, त्यांनी मान्य केला, नवा माल बसला. आता कार्डातच चूक होती म्हटलं तर ते गेल्या पाच वर्षांची कार्डं मागवतील. काकांना आपण काही बोललो का? पगार कापला का? मग. वरून तो एवढंही म्हणाला की काकांचं वय झालंच आहे, आज ना उद्या होणारच होतं.

तिने हे ऐकून घेतलं. एवढंच नाही, तर जिना चढताना तिला थोडं हलकंही वाटलं. मालकाला सांगितलं, आता हे त्याच्याकडे. ते हलकेपण जेमतेम चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी काका वर आला. आता तो जिन्यावर थांबत नव्हता, घाईने आला, एखादं काम उरकून टाकावं तसा. मोठा लेथ धाकट्याला द्या, असं त्याने सांगितलं. मालकाशी बोलणं झालं होतं. काका या महिनाअखेरीपर्यंत सळया तोडायच्या करवतीवर बसणार होता आणि मग घरी. मुदतीच्या तीन वर्षं आधी.

“करवतीला हात लागत नाही फारसा,” तो म्हणाला. “कुणाचं काही बिघडायला नको.”

तिने फळ्यावरच्या मोठ्या लेथच्या पट्टीवरून काकाच्या नावाची चिठ्ठी काढली. ते नाव तिनेच कधीतरी शाईने लिहिलं होतं. काका शेजारी उभा राहून बघत होता. तिने नावाची चिठ्ठी करवतीच्या पट्टीला लावली, आणि ती वाकडी लागली म्हणून काकाने बोटाने सरळ केली. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. तिने विचारलं, काका, बरं वाटत नाही का? इतका बावळट प्रश्न तिने आयुष्यात विचारला नव्हता. काका म्हणाला, तसं सगळं ठीक आहे.

महिनाअखेर शुक्रवारी होती. त्या दिवशी काकाने आपला मायक्रोमीटर धाकट्याला देऊन टाकला. छोटासा निरोपसमारंभ झाला, मालकाने भाषण केलं, त्यात अनुभव आणि निष्ठा हे शब्द सारखे येत होते. ताई खांबामागे उभी राहिली. भाषण संपायच्या आत ती वर गेली, कॉम्प्युटर चालू केला आणि रिपोर्ट नव्याने लिहायला घेतला. चौथी ओळ नियोजनातून काढून टाकली होती, मालाच्या दाखल्यात भट्टी नव्हती, हे मीटिंगआधी नियोजन करणाऱ्या व्यक्तीला माहीत होतं, टर्नरच्या कामात कसलाही दोष नव्हता. खाली स्वतःचं नाव. सोबत दाखल्याची प्रत. मालकाला विचारलं नाही. इंजिनिअरला पाठवला आणि त्याची प्रत मालकाला. सोमवारी तिचं काय व्हायचं ते होणार होतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या आठवड्याचा फळा तिने लावला नाही.

शनिवारी सकाळी ती काकाच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दाराची मूठ पितळेची, काकाने स्वतः लेथवर केलेली, हातात घेतली की सोडू नये अशी. दार काकूने उघडलं. काकूला ती कारखान्याच्या कार्यक्रमात दोनदा भेटली होती. या ना ताई, असं म्हणत काकूने तिला आत घेतलं आणि मागून हळूच म्हणाली, बरं झालं आलात, तुम्हीच सांगा यांना काहीतरी.

काका आतल्या खोलीतून बाहेर येत होता. त्याच्या उजव्या हातात पाण्याचा पेला होता, काठोकाठ भरलेला. नजर पाण्यावर ठेवून, एकेक पाऊल टाकत तो खिडकीपर्यंत गेला, पेला कट्ट्यावर ठेवला आणि मग वाकून मागची जमीन तपासली. दोन थेंब सांडले होते.

“दिवसातून दहा वेळा चालतं हे,” काकू म्हणाली. “फरशी पुसून पुसून माझी कंबर गेली. दोन थेंब कुणाचेही सांडतील, म्हटलं. पण ऐकतील तर ना.”

ताईला पाहून काका ओशाळला. बसा म्हणाला. ती बसली नाही. बसली असती तर आधी तब्येत, मग हवा, मग चहा, आणि सांगायचं राहिलंच असतं. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. माल भट्टीतून आला नव्हता. तिने दाखला न बघताच तसं सांगितलं होतं. तारीख जमत नव्हती म्हणून ओळ काढली होती. धाकट्याच्या वेळी ती ओळ परत घातली, म्हणून ते स्पिंडल सरळ राहिले. काल रिपोर्ट पाठवला आहे, त्यात हे सगळं आहे.

काकू स्वयंपाकघरात गेली होती. आत भांड्याचा आवाज होत होता. काका रागावेल, जा म्हणेल, याची ती वाट बघत होती. खरं तर त्यासाठीच ती आली होती. दोन शिव्या घातल्या असत्या तर तिने त्या घरी घेऊन जाऊन जपून ठेवल्या असत्या.

“वाकले ते खाचेच्या बाजूला वाकले का?” काकाने विचारलं.

“चारही.”

“खाचेच्याच बाजूला?”

“हो.”

काका खुर्चीवर बसला. त्याच्या ओठांची हालचाल होत होती, तो मनात काहीतरी लावून बघत होता. तिसऱ्या स्पिंडलला खाच पाडल्यावर टोक जरासं सरकल्यासारखं वाटलं होतं, तो म्हणाला. तेव्हा वाटलं, टेलस्टॉकच सैल झालाय, म्हणून अजून आवळला. पुढचे दोन तसेच. म्हणजे दाबाने नाही. आतूनच येत होतं ते. तो हे ताईला सांगतच नव्हता, स्वतःला सांगत होता. आणि सांगता सांगता त्याचा चेहरा उजळत गेला. महिनाभर तिने वरून काचेतून जो चेहरा पाहिला होता तो हा नव्हता.

“म्हणजे हात नव्हता,” तो म्हणाला. त्याने दोन्ही हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि हसायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं पोटातून आलेलं हसू. “अगं, इकडे ये जरा. ऐकलंस का? हात नव्हता तो. हाताला काहीही झालेलं नाही.”

आणि तो ताईकडे वळून म्हणाला, “फार बरं केलंत, ताई, सांगितलंत. फार उपकार झाले.”

त्याने खरंच मनापासून आभार मानले. ताईला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

काकू दारात येऊन उभी होती. हात पदराला पुसत होती. तिने आतून सगळं ऐकलं होतं. ती हसली नाही. नवऱ्याच्या हसण्याकडे तिने पाहिलं, मग कट्ट्यावरच्या पेल्याकडे, मग ताईकडे.

“तुम्हाला हे कधी कळलं?” तिने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. साधंच विचारलं होतं. आता खोटं बोलणं सोपं होतं, परवाच कळलं म्हटलं असतं तर कोणी तपासायला जाणार नव्हतं.

“फोन आला त्या सकाळी,” ताई म्हणाली.

काकाचं हसू लगेच थांबलं नाही, थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. तो दिवस मोजत होता हे दिसत होतं. फोन, मग मधला एक दिवस, मग इंजिनिअर.

“म्हणजे मीटिंगच्या आधी,” तो म्हणाला.

“हो.”

“तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात.”

“हो, काका,” ती म्हणाली.